मुड्यातला वास

जयवंती राऊतचं नाक म्हणजे वसईजवळच्या गिरीज गावातलं एक प्रस्थच होतं. कुणाच्या घरी कालवण काय शिजतंय ते ती रस्त्यावरून सांगायची, आणि वर खोबरं जुनं वापरलंय असा शेराही मारायची. केळीचा घड हुंगून तो कधी पिकेल ते सांगायची. बायका हसायच्या, नाकं मुरडायच्या, पण लग्नकार्याला तांदूळ घ्यायचे झाले की त्याच बायका पिशवी घेऊन तिच्याच दारात. जयवंतीने पिशवीत तोंड घालून एक दीर्घ श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, "ह्यात टोके होनार. परत कर." टोके, म्हणजे धान्यातले किडे, दिसायच्या आधी तिला त्यांचा वास यायचा. खोटं कशाला बोला, कधी कधी तीही ठोकून द्यायची. पण बहुतेक वेळा खरं निघायचं.

हे नाक सासूने हेरलं होतं. लग्न होऊन ती राऊतांच्या वाडीत आली तेव्हा सासूने तिला दागिने नाही दाखवले, कोठीच्या खोलीत नेलं. तिथे तुळईला मुडा टांगलेला. मुडा म्हणजे भाताच्या पेंढ्याचा गच्च बांधलेला गोल गठ्ठा, आणि त्याच्या पोटात पुढच्या सालचं बियाणं. सासू म्हणाली, "हुंग." जयवंतीने हुंगलं. सासू म्हणाली, "हा वास लक्षात ठेव. बदलला की मला सांग." झालं, तेव्हापासून त्या घरचं बी तिच्या नाकावर सोपवलं गेलं, ते कायमचंच.

वाडीत केळी, अळू, पडवळ, कडेला माड. मागच्या बाजूला एवढंसं एक खाचर, भाताचं. आजूबाजूच्या खाचरांत भराव पडले, इमारती आल्या, पण हे तेवढं राहिलं. त्यात राऊतांचा भात व्हायचा. उंच वाढणारा, लालसर दाण्याचा, वाऱ्याने सहज आडवा पडणारा, उत्पन्नाच्या नावाने बोंब. शहाण्या माणसाने कधीच सोडला असता. पण शिजायला लागला की अंगणभर घमघमाट. पूर्वी गावात चार घरी होता, आता फक्त ह्यांच्याकडे. जयवंतीचा नवरा कृष्णा छातीच्या दुखण्याने लवकर गेला, तेव्हाही तिने ते खाचर पडीक ठेवलं नाही. एकुलता एक कौस्तुभ तेव्हा शाळेत होता. ती भाजी विकून, केळी विकून त्याला वाढवत गेली, आणि दर मृगाला मुडा सोडत गेली.

मुड्याचा एक रिवाज होता. बांधणारा हात घरच्या पुरुषाचा, मग तो शाळकरी का असेना, आणि एकदा गाठ बसली की ती मृगालाच सुटायची. मधे सोडायची नाही, दाणा काढायचा नाही. मधे सोडला मुडा तर घर सुटतं म्हणे. आता ह्यात खरं किती, ते देव जाणे. उंदीर लागू नये, दमट हवा आत जाऊ नये म्हणून कुणीतरी म्हाताऱ्याने घातलेली भीती असणार. पण जयवंतीने ती पाळली, सासूने पाळली म्हणून.

कौस्तुभ मोठा झाला आणि वालीवला एका मसाल्याच्या कारखान्यात गोदामावर लागला. तिथे धने, मिरची, हळद पोत्यांनी पडलेली, आणि किड्यांसाठी विषारी गोळ्या. हवा लागली की त्या गोळ्यांतून गॅस सुटतो. त्याच्यासोबत काम करणारा एक जण गोदामाचं दार लवकर उघडून आत गेला आणि तिथेच कोसळला. वाचला बिचारा, पण कौस्तुभने धसकाच घेतला. घरी आला तो थेट कोठीत. तिथे जयवंतीने तांदळाच्या पिंपात तसल्याच गोळ्या फडक्यात बांधून ठेवलेल्या, बाजारातून आणून, सगळं गाव आणतं तशा. त्याने त्या बाहेर नेल्या आणि आईवर असा ओरडला की शेजारची मार्था कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"मग टोके काय तुझी आरती करून जानार?" जयवंती म्हणाली.

त्यावर त्याने जे आरंभलं, ते बघून तिने कपाळाला हात लावला. घरातला मोठा कुकर घेतला, शिट्टी काढली, तिथे तांब्याची नळी बसवली, नळी थंड पाण्याच्या बादलीतून फिरवली. कुकरमध्ये वाडीतला गवती चहा कोंबून कोंबून भरला. दिवसभर खटाटोप करून चमचाभर पिवळं तेल निघालं. "एवढ्या चहात गावजेवण झालं असतं," जयवंती म्हणाली. पण तिने ते हुंगलं, मग परत एकदा हुंगलं. मग तो त्यात लवंगेचं तेल घालायला लागला, थोडं वेखंडाचं. कुठल्या कुठल्या माणसांना विचारून, मोबाइलवर वाचून, तांदळाच्या डब्यांवर प्रयोग करून त्याने आपलं एक मिश्रण बसवलं. टोके त्या वासाला फिरकेनात. धान्यातल्या पाकोळ्या मेलेल्या सापडायच्या.

त्याचा नियम एकच होता. तेल दाण्यावर नाही, कापसावर. कापूस पुरचुंडीत, पुरचुंडी धान्यात. थेंब मोजके. "वास गेला की गुण गेला, तेव्हा परत घालायचं. पण वास असताना घालायचं नाही, आई. बी जिवंत असतं. त्यालाही श्वास घ्यायचा असतो." मुड्यासाठी त्याने युक्ती केली. बांधताना वरच्या तोंडाशी बोटभर भोक ठेवलं, पुरचुंडीला दोरी लावली. दोरी ओढली की पुरचुंडी बाहेर, तेल घातलं की परत आत. गाठ सोडायची गरजच नाही. रिवाजही राहिला, तेलही आत गेलं. जयवंतीने उघड कौतुक केलं नाही, पण बाजारात सगळ्यांना सांगितलं.

त्याचं अंग त्या वासाचं झालं होतं. शर्ट, रुमाल, बाइकची सीट, सगळ्याला गवती चहा आणि लवंग. विरारच्या संपदाशी लग्न झालं तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात सासूला सांगितलं, "आई, हे आले की मला दाराच्या आधी वास येतो." जयवंती हसली. पगारदार माणसांची पोर, फ्लॅटमध्ये वाढलेली, वसईत एका लॅबमध्ये रक्त तपासणारी. वाडीत टिकेल की नाही ह्याची तिला धास्ती होती. त्या एका वाक्याने ती धास्ती गेली.

गेल्या दिवाळीनंतर कौस्तुभने भात झोडला, मुडा बांधला, तुळईला टांगला. आणि पौषात, कामावरून येताना, हायवेवर त्याची बाइक घसरली.

त्या दिवसांबद्दल काय सांगायचं. जयवंती रडली नाही. लोक म्हणाले, दगड झाली. दगड कसली, तिला ते खरंच वाटत नव्हतं. घरात त्याचा वास होता. शर्ट धुवायला तिने कुणाला दिले नाहीत. कोठीचं दार उघडलं की तो आतच उभा आहे असं वाटावं इतका वास होता, कारण फळीवर त्याने काढून ठेवलेल्या तेलाच्या बाटल्या होत्या आणि मुड्यात पुरचुंडी होती. संपदाला मात्र ते सोसेना. बायका भेटायला आल्या होत्या तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "त्या खोलीत मला नका पाठवू. तो वास मला सहन होत नाही." कोठीवरून जाताना ती ओढणी नाकाला लावायची. आणि जयवंतीनेही सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "त्या मुड्याला कोनी हात लावायचा नाही. मीपन नाही लावनार. त्यानं बांधलाय, मृगाला सुटेल."

संपदाचे आईवडील तिला न्यायला आले होते. ती म्हणाली, "भात उगवलेला बघते, मग ठरवते." एवढंच. पण जयवंतीने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. पोराचं पोर नव्हतं. त्याच्या हातचं म्हणून जगात जे उरलं होतं ते त्या मुड्यात होतं. ते उगवलं तर खाचर हिरवं होईल, सून राहील, घर राहील. नाही उगवलं तर त्या जातीचा दाणाही कुठे मिळायचा नव्हता. मृगापर्यंत बी सांभाळायचं, बस. बाकी तिला काही नको होतं.

हात लावणार नाही म्हणाली, पण माघात वास उतरला. तिच्या नाकाला कळलंच. सकाळी संपदा लॅबला गेल्यावर ती कोठीत शिरली, दोरी ओढली, मोजके थेंब घातले, पुरचुंडी परत लोटली. त्याने सांगितलं होतं तसंच. कुणाला बोलली नाही. आपलं म्हणणं मोडलं ह्याची थोडी लाजही वाटली.

आणि मग एक दिवस वास उतरायला हवा होता, तो उतरला नाही.

ती संध्याकाळी वाडीतनं पाणी घालून आली होती. संपदा दुपारचीच कामावरून येऊन आतल्या खोलीत पडली होती. जयवंतीने पाय धुतले आणि कोठीवरून जाताना थबकली. ताजा वास. आत्ता, नुकताच घातलेला. ती आत गेली. दोरी हलली होती. सकाळी डावीकडे होती, आता उजवीकडे. बाटलीतलं तेल उतरलं होतं.  जयवंती तिथेच मुड्याखाली बसली आणि हळूच म्हणाली, "आलास?"

आत दुसरं कुणी दिसत नव्हतं. पण वास होता ना. वास काय उगाच येतो?

आता तुम्ही म्हणाल, भूत कुठे बाटलीतलं तेल वापरतं? अहो, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तिला तो पुरावाच वाटला. दुसरं कुणी येऊन काय करणार? घरात चोर शिरला तर तो पुरचुंडी ओली करून जाईल का? संपदाला त्या खोलीची शिसारी. राहिला कोण? ज्याचं ते काम होतं तोच. आणि तो नुसता भटकायला येत नव्हता, बी सांभाळायला येत होता. आईला एकटीला झेपेल की नाही म्हणून.

भीती वाटायची, नाही असं नाही. दुपारी कोठीच्या बाजूने कुरकुर ऐकू यायची, पेंढ्यात बोटं फिरावीत तशी. वाडीत काम करताना पाठीमागे गवती चहाचा दरवळ यायचा आणि वळून बघावं तर केळीची पानं. पण भीतीपेक्षा गोडी जास्त. ती त्याच्याशी बोलायला लागली. सकाळी कोठीत जायची, वास असला तरी दोन थेंब घालायची. "तू घातलंस, मीपन घातलं," असं म्हणायची. वास असताना घालायचं नाही हा त्याचा नियम तिला आठवत होता. पण आता तो स्वतःच तसा वागत होता, मग तिने का नाही? असं ती मनाशी म्हणायची आणि वाटेला लागायची.

मार्थाला तिने कुंपणाशी सांगितलं. मार्था तिच्याच वयाची, नवरा गेलेली, रोज संध्याकाळी तेर्साची प्रार्थना म्हणणारी. तिने छातीवर क्रूस काढला.

"त्याच्या नावानं मिस्सा सांगू का फादरला? शांती मिळंल त्याला."

"सांग," जयवंती म्हणाली, "पन तो जाईल अशी नको सांगू."

मार्थाने मान डोलावली. मग म्हणाली, "त्ये जाऊ दे. पन बाय, मूठभर दाना काढून ओल्या फडक्यात टाकून बघ. मोड येतो का नाय त्ये कळंल. वास लय झालाय गो. माझ्या घरापर्यंत येतोय."

"मुडा मधी सोडत नाहीत."

"अगो, भोकातनं दोन बोटं घाल आनि काढ."

"नाही. त्याची गाठ हाय. दाना काढला म्हंजे सोडल्यासारखाच." आणि तिने विषय बदलला. खरं कारण निराळंच होतं. रिवाज मोडला आणि तो रागावून यायचा थांबला तर?

वैशाखात एक पाकोळी मुड्यातून निघाली आणि दिव्याभोवती फिरली. एकच पाकोळी, पण जयवंतीच्या पायाखालची जमीन सरकली. तिने अख्खी बाटली घेतली आणि पेंढ्यावरच ओतली, चहूबाजूंनी, मुडा चिंब होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी वाडीतनं आली तर दुसरी बाटलीही अर्धी झालेली. "तुलापन दिसली ना ती?" ती मुड्याला म्हणाली. तिला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं.

संपदा आणि ती, दोघी एका घरात राहून बोलत नव्हत्या. भांडण नव्हतं. एक बोलली तर दुसरी रडेल म्हणून दोघी जेवण वाढायच्या, भांडी घासायच्या, टीव्ही लावून बसायच्या. पोर सुकत चालली होती. तिच्या केसांनाही तो वास यायला लागला होता. जयवंतीला वाटलं, घरच सगळं माखलंय, त्यात नवल काय.

मृग लागला. जयवंतीने आंघोळ केली, मुडा खाली उतरवला, हळदकुंकू वाहिलं आणि गाठ सोडली. पेंढा उलगडला. आत भात जसाच्या तसा. एक टोका नाही, पाकोळी नाही, भुसा नाही. दाणा न् दाणा टपोरा, सोन्यासारखा. तिचा ऊर भरून आला. तिने मूठभर दाणे डोळ्यांना लावले, आणि डोळे असे झोंबले की घळाघळा पाणी आलं. तिला वाटलं, रडू आलं.

भात टोपात भिजत घातला. मग ओल्या गोणपाटात बांधून, वर पेंढा टाकून, दगड ठेवून कोपऱ्यात ठेवला. भाताला मोड यायला लागले की गोणपाट आतून गरम होतं. हात लावला की आजारी पोराच्या कपाळासारखं लागतं. इतकी वर्षं जयवंती त्या उबेवर हात ठेवून पेरणीचा दिवस ठरवत आली होती.

तिने हात ठेवला. गार. ठीक आहे, म्हणाली, वेळ लागतो. कोमट पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी हात ठेवला. गार. मोबाइलवर पाऊस कधी ते बघायला संपदाला सांगितलं. परत हात ठेवला. गारच. मग एका दुपारी तिने गोणपाट सोडलं.

मोड नव्हता. एकालाही नाही. दाणे बुळबुळीत झाले होते, आणि भाताचा आंबूस वास यायला हवा तिथे नुसती लवंग. तिने एक दाणा चिमटीत दाबला. आतून पांढरं पाणी आलं. तिने दुसरा दाबला. तिसरा दाबला. मग ती दाबतच बसली.

संपदा कामावरून आली ती दारातच थांबली. ओढणी नाकाला लावायची विसरली.

"आई, काय झालं? उगवलं नाही?"

"मेलं," जयवंती म्हणाली. "तेलानं मेलं गो. श्वास कोंडला त्याचा." तिचा आवाज शांत होता. "मी घालत होते. मी म्हनाले होते हात लावनार नाही, पन लावत होते, रोज सकाळी. आनि दुपारी तो घालत होता. दोघांचं मिळून जास्ती झालं."

"कोण तो?"

"कोन म्हंजे? कौस्तुभ. तू घाबरशील म्हनून सांगितलं नाही. तो येतो. दुपारचा येतो, मी वाडीत असते तेव्हा. बाटली उतरते, दोरी हलते."

संपदाने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. ती आत येऊन जयवंतीसमोर बसली.

"आई," ती म्हणाली, "दुपारची मी होते."

जयवंतीने तिच्याकडे बघितलं.

"मी सगळ्यांसमोर म्हणून बसले होते की मला तो वास नको. मग कुठल्या तोंडाने जाऊ? पण वास गेला तर कौस्तुभ जाईल असं वाटायचं. तुम्ही वाडीत गेलात की मी कोठीत जायचे. थोडं घालायचे. थोडं हाताला, केसांना लावायचे." ती बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. "पण मी ज्या दिवशी घालत नव्हते, त्या दिवशीही वास ताजा असायचा. बाटली कमी व्हायची. तुम्ही तर हात लावत नव्हता. म्हणून मला वाटलं... मीही त्याच्याशी बोलायचे, आई. तो सकाळचा येऊन जातो असं वाटायचं."

"सकाळची मी," जयवंती म्हणाली.

कोपऱ्यात ओलं गोणपाट उघडं पडलं होतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. भात गेल्याचं दोघींच्याही मनात नव्हतं आता.

"म्हणजे कुणीच येत नव्हतं?" संपदाने विचारलं.

जयवंतीने तोंड उघडलं. पोटातून काहीतरी वर आलं, पौषापासून अडलेलं, आणि तिने जो हंबरडा फोडला तो ऐकून संपदा तिच्या गळ्यात पडली आणि तीही ओरडून रडायला लागली. दोघींचा तो आक्रोश कुंपणापलीकडे गेला, रस्त्यावर गेला. मार्था हातातलं काम टाकून धावत आली, तिच्यामागे आणखी दोन बायका. दारात येऊन त्या थबकल्या. घरात नवीन मढं असल्याशिवाय असं कुणी रडत नाही.

"काय झालं गो?" मार्था घाबरून म्हणाली. "कोन गेला?"

जयवंतीने सुनेला छातीशी धरलं होतं. तिने मान वर केली.

"कौस्तुभ," ती म्हणाली. "माझा कौस्तुभ गेला गो, मार्था."